तेच दोन चहा, रोज वेगळा निकाल: घरी चहा चाखताना गडबड नेमकी कुठे होते

दोन डबे होते. दोन्हींत दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या खुडणीचा चहा. बागा तेवढ्या वेगळ्या. पुढच्या वेळी कुठला घ्यायचा एवढंच ठरवायचं होतं. सोमवारी पहिला सरस वाटला, बुधवारी दुसरा, आणि शनिवारी दोन्ही इतके सारखे लागले की डब्यांवरची नावं पुन्हा वाचून पाहिली. महिनाभर हेच चाललं. वहीत एकाच चहापुढे एका दिवशी ‘फुलासारखा’ आणि चार दिवसांनी ‘लाकडासारखा’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

शेवटी भाचीला म्हटलं, तू आत जाऊन चहा कर, तीन वाट्या आण आणि कुठली कशाची ते सांगू नकोस. मी ऐटीत भुरके मारले. पहिली वाटी गोडसर, पिकल्या द्राक्षासारख्या वासाची. दुसरी रूक्ष, तुरट. तिसरी पहिलीच्या जवळची पण पातळ. ती हसायलाच लागली.

“मामा, तिन्ही एकाच डब्यातले आहेत. फक्त तीनदा वेगवेगळा केलाय.”

आधी ओशाळलो, मग तिच्या दुसऱ्या वाक्याकडे लक्ष गेलं. तिने तीन वाट्यांसाठी तीनदा चहा केला होता, पत्ती चमच्याने आणि पाणी अंदाजाने. म्हणजे मला लागलेला फरक खोटा नव्हताच. पण तो चहाचा नव्हता, करण्याचा होता. मी महिनाभर दोन बागांची तुलना करतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात माझ्या चमच्याची करत होतो.

तुमचंही असं होत असेल तर पुढचं वाचा. जीभ तयार नाही, नाक बथ्थड आहे असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. दहातल्या आठ वेळा दोष जिभेचा नसतो.

आधी जुळ्या वाट्यांची परीक्षा

बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. त्यासाठी तीन वाट्या करा: दोन वाट्या एकाच चहाच्या, पण वेगवेगळ्या मुरवलेल्या, आणि तिसरी दुसऱ्या चहाची. वाट्यांच्या बुडाशी खूण करा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्या मागेपुढे करायला सांगा. मग चाखा.

जुळ्या वाट्या वेगळ्या लागल्या, तर करण्यात गडबड आहे. तिन्ही सारख्याच लागल्या, तर एक तर चहा फिका झालाय किंवा तुम्ही फार गरम पिताय. तिन्ही नुसत्याच कडू लागल्या, तर वेळ, तापमान किंवा पाणी. आणि जुळ्या जुळल्या, तिसरी वेगळी पडली, तर तुमचं सगळं ठीक आहे. खुशाल शेवटच्या भागाकडे उडी मारा.

जुळ्या वाट्या जुळत नाहीत

सर्वांत मोठा गुन्हेगार चमचा. घरातला एकच सपाट चमचा घेऊन मी तीन चहा मोजले. गोळ्यांसारखा वळलेला ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) ३.१ ग्रॅम भरला, साधा पानांचा काळा चहा १.९, आणि फुगीर कळ्यांचा पांढरा चहा जेमतेम ०.८. चमचा तोच आणि चहा चौपट! ऊलाँग ‘दमदार’ आणि पांढरा ‘नुसतं पाणी’ असं मी आधी लिहून ठेवलं होतं, त्याचं कारण हे.

तेव्हा वजन करा. इथे एक खाच आहे. स्वयंपाकघरातला काटा बहुधा १ ग्रॅमच्या पटीत दाखवतो. त्यावर ‘२’ दिसलं तर पत्ती दीड ग्रॅमही असू शकते आणि अडीचही, म्हणजे एका वाटीत दुसरीच्या दीडपटीहून जास्त चहा. बारीक काटा असेल, ०.१ ग्रॅमपर्यंतचा, तर प्रश्नच मिटला. नसेल तर वाटीभर चहा न करता मोठा करा: ५ ग्रॅम पत्ती, २५० मिलिलीटर पाणी. तोच ढोबळ काटा आता फार तर एक दशांश चुकतो, आणि चाखायला तेवढं चालतं.

दुसरं कारण मला फार उशिरा सुचलं: डबा. पानांचा चहा डब्यात ठेवून हलवला की मोठी पानं वर राहतात, चुरा तळाशी जातो. चुऱ्यातून रंग आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. त्यामुळे डबा उघडल्याच्या आठवड्यात जो चहा सौम्य वाटतो, तोच महिन्याअखेरीस अंगावर येतो. चहा बिघडलेला नसतो, तुम्ही डब्याचा वेगळा मजला चाखत असता. उपाय सोपा. डबा आडवा धरून हळूच फिरवायचा आणि रुंद चमच्याने मधून पत्ती घ्यायची, चिमटीने वरून उचलायची नाही. चिमटीत नेमकी देखणी पानंच येतात.

हेच तत्त्व दोन वेगळ्या प्रतींची तुलना करतानाही लागू पडतं. डब्यावरची ओपी, बीओपी, एफटीजीएफओपी ही अक्षरं पानाचा आकार आणि रूप सांगतात, चवीची हमी देत नाहीत. बीओपी म्हणजे तुटक्या पानांची प्रत. ती त्याच वेळात अखंड पानापेक्षा कितीतरी जास्त उतरते. अखंड पान आणि तुटकं पान चार-चार मिनिटं मुरवून ‘हा जास्त कडक’ म्हणणं म्हणजे एकाला चालायला आणि दुसऱ्याला पळायला लावून शर्यत लावणं.

तिसरं, भांडं. जाड मातीचा गार मग आधण शोषून घेतो. मी मापलं तेव्हा उकळतं पाणी अशा मगात मिनिटभरात ८६ अंशांवर आलं. आधी गरम पाण्याने विसळलेल्या मगात ते ९३ च्या वर होतं. पहिली वाटी गार भांड्यात आणि दुसरी त्याच, आता गरम झालेल्या भांड्यात केली की जुळ्यांत फरक पडलाच. सगळी भांडी एकाच जातीची घ्या, आधी आधणाने विसळा. आतून पांढरी असतील तर रंगही कळतो.

पत्ती भरायची जाळीची ती छोटी गोल अंडी असतात ना, साखळी लावलेली, ती तुलनेपुरती तरी बाजूला ठेवा. पान भिजल्यावर फुगतं. त्या अंड्यात त्याला अंग पसरायला जागा नसते, मग बाहेरचं पान उतरतं आणि आतलं अर्धवट राहतं. पत्ती सरळ भांड्यात टाकायची, झाकायची आणि वेळ झाली की गाळायची.

वेळेबद्दल एकच. पाच वाट्यांत एकाच किटलीतून पाणी ओतेपर्यंत पहिली आणि पाचवी यांत मिनिटभराचं अंतर पडतं. सगळ्या एकदम गाळायला गेलात तर पहिली मिनिटभर जास्त मुरलेली. ओतताना दर २० सेकंदांनी एक, गाळतानाही त्याच क्रमाने दर २० सेकंदांनी एक. घड्याळ समोर ठेवा. अंदाज नको.

माप कुठलं धरायचं?

याला चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० मध्ये आलं. दर १०० मिलिलीटरला २ ग्रॅम पत्ती, ताजं उकळलेलं पाणी, ६ मिनिटं, चिनीमातीचं किंवा झिलई दिलेलं झाकणाचं भांडं. याचंच भावंड असलेल्या ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल मिळालं, चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिल्याबद्दल. हसू येतं खरं, पण माझा महिना वाया गेल्यावर मला ती सहा पानं अजिबात विनोदी वाटत नाहीत.

लक्षात एवढंच ठेवायचं की हे माप पिण्यासाठी नाही, तपासण्यासाठी आहे. ६ मिनिटांत चहातलं बरं-वाईट सगळं बाहेर येतं. व्यावसायिक चाखणाऱ्यांना दोषच शोधायचे असतात, म्हणून त्यांना ते सोयीचं. मी घरी दोन फेऱ्या करतो. पहिली या कडक मापाने, फक्त उणिवा बघायला. दुसरी प्यायच्या मापाने, आवडनिवड ठरवायला. एकाच फेरीत दोन्ही करायला गेलं की निकाल डळमळतो.

सगळेच सारखे लागतात

पहिला संशय तापमानावर, चहाच्या नव्हे तर घोटाच्या. वाफाळता चहा तोंडात घेतला की भाजण्यापलीकडे फारसं काही कळत नाही. ५० अंशांच्या आसपास, म्हणजे बोट बुडवलं तर कोमटाहून जरा जास्त वाटेल इतका निवू द्या. फरक तिथे उघडे पडतात, दोषही. (तसंही ६५ अंशांवरची पेयं नेहमी पिणं कर्करोगाच्या दृष्टीने ‘बहुधा घातक’ या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये टाकलं आहे. तेव्हा घाई कशासाठी?)

निवताना काळा चहा गढूळ झाला तर घाबरू नका. लख्ख तांबूस लिकर, म्हणजे गाळलेला कोरा चहा, थंड झाल्यावर दुधाचा थेंब पडल्यासारखं धुरकट होतं. कॅफीन आणि चहातली रंगीत द्रव्यं थंडपणात एकमेकांना धरून बसतात, त्याचा तो परिणाम. धंद्यात याला ‘क्रीम’ येणं म्हणतात आणि जोरकस आसाम चहात ते कौतुकाचं मानतात. पुन्हा गरम केलं की स्वच्छ.

दुसरी तपासणी चोथ्याची. गाळल्यावर ओला चोथा झाकणावर काढा आणि गरम असतानाच हुंगा. दोन चोथ्यांचे वास स्पष्ट वेगळे येतात पण लिकर सारखंच लागतं, असं झालं तर चहा वेगळे आहेत, तुमचं माप कमी पडतंय. पत्ती वाढवा किंवा मिनिटभर जास्त मुरवा. चोथेही सारखेच असतील तर खरंच ते चहा जवळचे आहेत, किंवा दोन्ही शिळे आहेत. चहा हवेतला दमटपणा आणि वास दोन्ही ओढून घेतो. मोगऱ्याच्या जातीची फुलं नुसती सोबत ठेवून जास्मिन चहाला वास दिला जातो, तो याच गुणामुळे. उग्र वासाच्या वस्तूंशेजारी वर्षभर उघडे पडलेले दोन डबे शेवटी त्या वस्तूंसारखेच लागणार. हिरवा चहा तर त्याआधीच मान टाकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे भुरका. चारचौघांत असभ्य, इथे आवश्यक. आवाज करत हवेसकट घोट ओढला की चहाचे बारीक तुषार टाळूमागून नाकापर्यंत पोचतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या, मग सोडा. बोट काढताक्षणी चहा ‘उमटतो’, ते एकदा अनुभवून बघाच. सर्दी असेल त्या दिवशी तुलना करू नये हे त्यावरून समजेलच. दात घासून लगेचही नको. टूथपेस्टमधला फेसाचा पदार्थ जिभेला काही वेळ भलतंच सांगत राहतो.

सगळेच कडू आणि कोरडे

आधी शब्द सुटे करू. आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द असताना आपण सरसकट ‘कडू’ म्हणून मोकळे होतो. कडवटपणा ही चव आहे, ती जिभेवर लागते. तुरटपणा हा स्पर्श आहे. चहातली पॉलिफेनॉल, म्हणजे तुरटपणा आणणारी द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. घोट गिळल्यावर जीभ टाळूवर फिरवून पाहा. घासल्यासारखी वाटली तर तुरट.

हा भेद निदानाला उपयोगी पडतो. हिरवा चहा कडू आणि तुरट दोन्ही लागला तर बहुतेक पाणी फार गरम होतं. त्याला ७० ते ८० अंश पुरे. सावलीत वाढवलेल्या ग्योकुरोसारख्या जपानी चहाला ५० ते ६० सुद्धा. ऊलाँगला ८५ ते ९५, काळ्याला उकळतं. थर्मामीटर नसेल तर आधण एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओता. दर ओतण्याला साधारण ८ ते १० अंश उतरतात. उंच डोंगरावर राहणाऱ्यांना उलटी अडचण येते: दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश लवकर उकळतं, त्यामुळे १५०० मीटरवर आधणच ९५ चं. तिथे काळा चहा फिका वाटला तर मिनिटभर जास्त द्या.

काळा चहा कडू नाही, पण मंद, मातकट आणि काळपट दिसतोय, वर तेलकट साय धरतेय? मग पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. ती साय तेलाची नसते. पाण्यातला कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून ती बनवतात. त्याच चहात लिंबाचा एक थेंब टाका. साय विरते आणि रंग झटकन उजळतो, कारण या रंगद्रव्यांचा रंग आम्लात फिकट आणि अल्कलीत गडद होतो. लिंबू हा उपाय म्हणून सांगत नाहीये, तुलनेत ते सगळ्यांना सारखंच झाकून टाकेल. ही फक्त खूण पटवण्याची परीक्षा. उपाय म्हणजे पाणी बदलणं: कमी क्षारांचं बाटलीबंद, किंवा जड पाणी आधी उकळून, निववून, तळ हलू न देता वरचं घेणं. शुद्धीकरण यंत्रातून पार क्षारमुक्त झालेल्या पाण्यात उलट होतं. रंग लख्ख, पण चहा जरा पोकळ वाटतो. माझं मत विचाराल तर आदर्श पाण्याच्या मागे लागू नका. एक पाणी ठरवा, महिनाभर तेच वापरा.

दूध घातलेल्या चहात तुरटपणा मोजू नका. दुधातलं केसीन हे प्रथिन लाळेच्या आधी पॉलिफेनॉलना पकडतं, आणि दोष दिसेनासे होतात.

शेवटची वाटी नेहमी हरते

तुरटपणा साचत जातो. तिसऱ्या-चौथ्या घोटाला तोंड आधीच कोरडं झालेलं असतं, त्यामुळे क्रमाने शेवटी येणारा चहा हकनाक बदनाम होतो. क्वचित उलटंही होतं: कडक चहामागून आलेला सौम्य चहा मधासारखा वाटतो. सौम्याकडून कडककडे जा, मधे कोमट पाण्याची चूळ भरा, मिनिटभर थांबा, आणि मग उलट क्रमाने परत या. दोन्ही वेळा जो मागे पडला तोच खरा मागे.

एका बैठकीला चार वाट्या पुष्कळ. मी एकदा उत्साहात नऊ केल्या आणि रात्री दोन वाजता छत बघत पडलो होतो. कोरड्या पत्तीत कॅफीन साधारण २ ते ४ टक्के असतं, ते हिशेबात धरा. व्यावसायिक लोक घोट थुंकून टाकतात. घरी ते जमवायला जरा निगरगट्टपणा लागतो, पण बेसिनजवळ उभं राहिलं की प्रश्न सुटतो.

जुळ्या जुळल्या. आता फरक खरा की मनाचा?

१९२० च्या दशकात इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात शैवालतज्ज्ञ म्युरिएल ब्रिस्टल यांनी सांगितलं की कपात आधी दूध ओतलंय की चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर आठ कपांचा प्रयोग मांडला: चार असे, चार तसे, क्रम विस्कटलेला. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० त १. चहाच्या कपातून निघालेली ही कल्पना पुढे प्रयोगांच्या आखणीचा पाया ठरली.

घरी आठ कप नकोत. तीन पुरतात: दोन एका चहाचे, एक दुसऱ्याचा, आणि वेगळा कुठला ते ओळखायचं. जुळे दोन कप या वेळी एकाच भांड्यातून भरा. आता करण्याची नाही, जिभेची परीक्षा आहे. एकदा बरोबर आलं तर हुरळू नका, ते तीनात एकदा आपोआप येतं. सलग तीनदा आलं तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता २७ त १ उरते. एवढ्यावर मी डबा विकत घ्यायला तयार असतो. रंगावरून ओळखू येत असेल तर मंद उजेडात बसा किंवा डोळे मिटून घ्या, आणि वाट्या लावणाऱ्याला चेहरा सरळ ठेवायला सांगा. माझ्या भाचीला ते जमत नाही, म्हणून ती वाट्या ठेवून बाहेर जाते.

शब्दांची फार चिंता करू नका. ‘चांगला’, ‘मस्त’ आणि विशेषतः ‘कडक’ हे तीन शब्द तेवढे वहीतून हद्दपार करा. ‘कडक’मध्ये गडद, तुरट, कडू, जोरकस असं सगळंच कोंबलेलं असतं आणि आठ दिवसांनी आपल्यालाच त्याचा अर्थ लागत नाही. त्याऐवजी घोट कुठे लागला आणि गिळल्यावर किती वेळ राहिला एवढं लिहिलं तरी भागतं.

त्या दोन डब्यांची अखेरची नोंद माझ्या वहीत अशी आहे:

‘पत्ती ५ ग्रॅम, पाणी २५० मिली, बाटलीचं. ४ मिनिटं, भांडी विसळून. डबे फिरवले. तीन कपांचा खेळ तीनदा, तिन्ही बरोबर. पहिला: वास वर येतो, लवकर विरतो, गालात ओढ कमी. दुसरा: सुरुवातीला गप्प, गिळल्यावर गोडी, निवल्यावर जास्त आवडला. मी दुसरा. भाची पहिला. दुसऱ्या डब्यात आता तळाचा चुराच उरलाय, तो तुलनेत धरायचा नाही.’